दीर्घसूत्री (गीता, अध्याय १८, श्लोक २८)



आजच्या चिंतनासाठी अठराव्या अध्यायातला अठ्ठाविसावा श्लोक घेतोय. खरं सांगायचं तर हा श्लोक मी गेल्या वर्षीच लिहायला घेतला होता. दोन परिच्छेद लिहिले, सेव्ह केले, आणि ते ड्राफ्टमध्येच पडून राहिले. श्लोकाचा विषय काय, तर चालढकल. हसा, हसा. मीही हसायचो. या जुलैपासून हसू येत नाही.

या भागात भगवंत कर्त्याचे तीन प्रकार सांगतात: सात्त्विक, राजस आणि तामस. तामस कर्त्याची यादी मोठी आहे. मन ठिकाणावर नसलेला, संस्कार नसलेला, ताठर, लबाड, दुसऱ्याचं काम बिघडवणारा, आळशी. मग येतो विषादी, म्हणजे सदा खिन्न. आणि सगळ्यात शेवटी, श्लोक संपता संपता, दीर्घसूत्री. शंकराचार्यांनी भाष्यात याचा अर्थ एकदम व्यवहारी केलाय. जे काम आज किंवा उद्या व्हायला हवं, ते ज्याच्याकडून महिन्याभरातही होत नाही, तो दीर्घसूत्री.

महिना? मला चौदा महिने लागले होते. तेही काम झालं नव्हतंच.

एक यादी

माझी आई वर्ध्याला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मी पुण्यात, हिंजवडीला. 'माझ्याकडे चल' असं मी दर वेळी म्हणतो आणि ती दर वेळी म्हणते, "तिथं चौदाव्या मजल्यावर मी काय करू? इथं माझी तुळस आहे, माझी माणसं आहेत." तिची सकाळ ठरलेली असते. पाचला उठणं, आंघोळ, अंगणात सडा-रांगोळी, मग गीताईचा एक अध्याय. वय ७१.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी घरी गेलो होतो, तेव्हा फोनमध्ये एक यादी केली. नाव दिलं, 'आई – सेफ्टी'. न्हाणीघरात धरायला दांडा. आतून लागणारी कडी बदलणं. रात्री पॅसेजमध्ये दिवा. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली. फोनमध्ये इमर्जन्सी नंबर. अशा एकूण नऊ गोष्टी. यादी करून फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की काम झाल्यासारखंच वाटलं!

दांडा तर मी ऑनलाइन मागवलासुद्धा. तो वर्ध्याला पोचला. आईने खोका माळ्यावर ठेवला. "तू दिवाळीत येशील तेव्हा लावू." दिवाळीत मिस्त्री सापडला नाही. संक्रांतीला मला रजा नव्हती. उन्हाळ्यात गेलो तर पारा पंचेचाळीसच्या वर, ड्रिल घेऊन कोण उभं राहणार? आम्ही दोघं कूलरसमोर बसून गोरसपाक खात राहिलो. खोका माळ्यावरच.

तो मंगळवार

आषाढातली सकाळ. साडेपाच-पावणेसहाच्या सुमाराला आई आंघोळ करून उठताना घसरली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. दाराला आतून कडी. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पावसाचा आवाज इतका, की तिच्या हाका बाहेर गेल्या नाहीत. दूधवाला आला, पिशवी अडकवून गेला. ती ऐकत होती.

साडेआठला शेजारच्या काकूंचं लक्ष गेलं. पाऊस असला तरी आई ओट्यावर, छपराखाली, छोटीशी रांगोळी काढतेच. त्या दिवशी ओटा कोरा होता, दुधाची पिशवीही तशीच. त्यांनी हाका मारल्या, मग मागच्या बाजूने त्यांचा मुलगा आत गेला. न्हाणीघराचं दार आत उघडणारं, आणि आई दारालाच टेकून पडलेली. कडी तोडल्यावरही दार ढकलता येईना. शेवटी त्याने बाहेरून दारच तोडून बाजूला केलं.

पावणेतीन तास आई ओल्या फरशीवर होती.

आणि मी? काकूंचा फोन आला तेव्हा मी रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. मी फोन कट केला आणि त्यांना तयार मेसेज गेला, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.' नंतर करतो. माझ्या चौदा महिन्यांचं सार त्या दोन शब्दांत आहे. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी उचलला.

नागपूरपर्यंत विमान, तिथून टॅक्सी. रात्री पोचलो तर आई हाताला प्लॅस्टर घालून पलंगावर बसलेली. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "जेवला का तू?" मी तिच्याशी काही बोलू शकलो नाही. स्टूल घेतलं, माळ्यावरून खोका काढला. त्याच्यावर धुळीचा थर होता. टेपसुद्धा फाडलेली नव्हती.

विषादी आणि दीर्घसूत्री शेजारी का?

त्या रात्री झोप आली नाही. स्वतःला शिव्या देत बसलो होतो: आळशी, बेजबाबदार. मग एक प्रश्न पडला. मी खरंच आळशी आहे का? ऑफिसमध्ये रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर दहा मिनिटांत लॅपटॉप उघडतो मी. घराचे हप्ते, विमा, गाडीचं सर्व्हिसिंग, सगळं वेळेवर. मग हेच एक काम का राहिलं?

गीतेनं आळशी आणि दीर्घसूत्री हे दोन वेगळे शब्द वापरलेत. दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोनदा कशाला सांगितलं असतं? आणि त्या दोघांच्या मध्ये उभा आहे विषादी. आजपर्यंत मी या क्रमाकडे लक्षच दिलं नव्हतं. भाष्यकार याबद्दल काय म्हणतील ते म्हणोत, मला माझ्यापुरतं त्या रात्री स्पष्ट दिसलं. माझी चालढकल आळसातून आलेली नव्हती, ती दुःखातून आली होती. न्हाणीघराच्या भिंतीला दांडा लावायचा म्हणजे आई म्हातारी झाली हे कबूल करायचं. शेजारी किल्ली ठेवायची म्हणजे एक दिवस ती आतून दार उघडू शकणार नाही हे मान्य करायचं. बाबा गेल्यानंतर मला ते मान्य करायचंच नव्हतं. म्हणून मी यादी करत होतो आणि काम करत नव्हतो.

सकाळी हे आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझं एकट्याचं नाही रे. मीच म्हणत होती ना, पुढच्या वेळी लावू म्हणून. तो दांडा लावला की आपण म्हातारे झालो, असं वाटते. इतकी वर्षं पोरांना हात धरून रांगेत उभं केलं, आता मलाच धरायला दांडा पाहिजे का, असं वाटे."

म्हणजे आम्ही दोघंही एकाच भीतीला टाळत होतो. एकमेकांना न सांगता, आणि एकमेकांवर ढकलत.

आता गीतेची सुरुवात आठवा. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अर्जुनही 'आत्ता नको' असंच म्हणतोय. त्याच्याकडे कारणं काय कमी आहेत? कुळ, धर्म, पाप, पुण्य, सगळं. दुःख जेव्हा शहाणपणाची भाषा बोलतं, तेव्हा ते ओळखणं कठीण जातं. भगवंत त्याला 'आळशी' म्हणत नाहीत. आधी त्याच्या शोकाशी बोलतात, मग कर्माशी. आपण मात्र आपल्या चालढकलीला शिस्तीचं औषध देतो. रिमाइंडर लावतो, नवं ॲप घेतो. मूळचा शोक तसाच राहतो आणि रिमाइंडर स्नूझ होत राहतो.

पण देव आहे ना काळजी घ्यायला?

इथे तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न येईल. माझ्याही मनात होता, आणि खरं सांगतो, मी तो ढालीसारखा वापरलाय. नवव्या अध्यायात भगवंत अनन्य भक्ताचा योगक्षेम स्वतः वाहण्याचं वचन देतात. आई तर रोज अध्याय वाचणारी. मग दांडे, कड्या, घंट्या यांची तजवीज करणं हा त्या वचनावरचा अविश्वास नाही का?

याचं उत्तर मला महाभारतातच मिळालं. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला तीन माशांची गोष्ट सांगतात. एका तळ्यात तिघं मित्र. पहिला अनागतविधाता, म्हणजे संकट यायच्या आधी सोय करणारा. दुसरा प्रत्युत्पन्नमती, म्हणजे वेळेवर ज्याला सुचतं तो. तिसऱ्याचं नाव, ऐका, दीर्घसूत्र! कोळी तळ्याचं पाणी बाहेर काढायला लागतात. पहिला लगेच दुसरीकडे निघून जातो. दुसरा थांबतो, पकडला जातो, पण माशांना ओवलेली दोरी तोंडात धरून ओवल्यासारखं दाखवतो आणि मासे धुवायला खोल पाण्यात नेल्यावर निसटतो. तिसरा 'घाई कशाला' म्हणत राहतो आणि मरतो.

आमच्या घरी त्या दिवशी काय झालं? काकू प्रत्युत्पन्नमती ठरल्या, त्यांचा मुलगा तर नक्कीच. दारच तोडायचं त्याला सुचलं, हे आमचं नशीब. पण म्हातारपणी एकटं राहणाऱ्या माणसाची सुरक्षा शेजाऱ्याला ऐन वेळी काय सुचतं यावर टांगून ठेवता येत नाही. पडलेल्या माणसाला स्वतःलाही दर वेळी सुचेलच असं नाही. जे पडल्यावर सुचायला हवं, ते पडण्याआधी कुणीतरी करून ठेवलेलं असावं लागतं.

आता योगक्षेमाचं. मी असं समजतो की कर्म आपलं आणि फळ त्याचं. दांडा लावणं माझ्याकडे. दांडा लावूनही काय होईल, ते त्याच्याकडे. दीर्घसूत्री माणूस नेमकं उलट करतो. कर्म देवावर टाकतो आणि चिंता स्वतःजवळ ठेवतो. त्या चौदा महिन्यांत मी किती रात्री 'आईला काही झालं तर' या विचाराने जागा राहिलो असेन! काळजी भरपूर केली. केली नाही ती फक्त व्यवस्था. त्याला मी श्रद्धा म्हणत होतो. ती श्रद्धा नव्हती. श्रद्धेने झोप लागायला हवी होती.

सूत किती ओढायचं

आमच्या घरी एक जुना पेटी चरखा आहे. आजोबांचा. वर्ध्यात अशी घरं बरीच असतील. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, आणि सूत कातणं ही या भागात नुसती कला राहिली नाही, ती रोजची उपासना झाली. तिला नावही सूत्रयज्ञ. आई लहानपणी कातायला शिकली, अजूनही तिला येतं.

प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून तिने मला दीर्घसूत्रीचा अर्थ सांगितला, तो कुठल्याच भाष्यात मला मिळाला नसता. "सूत्र म्हणजे सूत ना? मग बघ. पेळूतून सूत ओढायचं, हात पुरेल तेवढंच. मग थांबून ते चातीवर गुंडाळायचं. मग पुन्हा ओढायचं. नव्या पोरींना ओढायची मजा वाटते. त्या ओढतच राहतात, गुंडाळतच नाहीत. मग काय होते? तुटते."

यादी करणं म्हणजे ओढणं. दांडा मागवणं म्हणजे ओढणं. भिंतीला लावणं म्हणजे गुंडाळणं. नऊ गोष्टींचं लांबच लांब सूत मी चौदा महिने हवेत धरून उभा होतो.

आम्ही काय केलं

हे चिंतनाचं पान आहे, हार्डवेअरचं दुकान नाही, हे मला माहीत आहे. पण आज तपशील सांगणारच, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा गावी एकटे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी पडण्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार लोक दगावतात, आणि त्यांत साठी ओलांडलेले सर्वांत जास्त. पडण्याइतकंच वाईट असतं ते पडून राहणं. तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलं तर स्नायूंना इजा होते, अंग गार पडतं, पाणी कमी पडतं.

न्हाणीघराचं दार आता बाहेर उघडतं. सुताराला अर्धा दिवस लागला. आत कुणी पडलं तरी दार अडत नाही. कडीच्या जागी असं लॉक बसवलं, की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं. दांडे दोन लागले, एक नळाजवळ आणि एक कमोडजवळ. टाइल्सच्या आत भिंतीत अँकर फास्टनर ठोकून. नुसते रबरी कपाने चिकटणारे दांडे घेऊ नका, ऐन वेळी ते हातात येतात. न्हाणीत खाली, पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर, वायरलेस बेलचं बटण लावलं आणि घंटा लावली काकूंच्या घरात. भिंतींमुळे बेलची रेंज कमी होते, म्हणून आधी पाच-सहा वेळा वाजवून पाहिली. काकू शेवटी म्हणाल्या, "बस कर बाप्पा, कळलं!" बटणाच्या सेलची तारीख त्यांच्याच कॅलेंडरवर लिहून ठेवली.

फोन आता चार्जरवर नसतो, गळ्यातल्या पिशवीत असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो; ते सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं आणि आईकडून करवून घेतलं. दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत कागद लावला: मदतीसाठी ११२, ॲम्ब्युलन्स १०८, ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डरलाइन १४५६७, आणि फोनवरून कुणी पैशासाठी घाबरवलं तर सायबर हेल्पलाइन १९३०.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फुकट झाली. आमच्या धंद्यात सर्व्हरवर 'हार्टबीट' नावाचा प्रकार असतो. सर्व्हर ठराविक वेळाने 'मी आहे' एवढाच निरोप पाठवतो. निरोप आला नाही की अलार्म. काही बिघडलंय हे सर्व्हरला सांगावं लागत नाही, त्याचं गप्प राहणंच पुरेसं असतं. आईचा हार्टबीट तर वर्षानुवर्षं ओट्यावर होता. आम्ही फक्त त्याला वेळ दिली. सात वाजेपर्यंत रांगोळी दिसली नाही, तर काकूंनी आधी बेल वाजवायची, मग स्वतःकडच्या किल्लीने दार उघडायचं. आई गावाला जाणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. रोज पहाटे देवासाठी काढलेली रांगोळी तिची राखणही करते. योगक्षेम कसा वाहिला जातो, हे मला विचाराल तर मी तो ओटा दाखवीन.

एक गोष्ट आईने नाकारली

कॅमेरा. मी हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये दोन कॅमेरे लावायचं ठरवलंच होतं. पुण्यात बसून मोबाईलवर बघता येईल म्हणून. आई म्हणाली, "नाही." मी ग्राफ, भाव, रिव्ह्यू, सगळं दाखवलं. ती म्हणाली, "अरे, मी पोथी वाचताना रडते कधी कधी. तुझ्या बाबांच्या फोटोशी बोलते. ते तू बघून राहशील का मीटिंगमध्ये बसून?"

मला राग आला. इतकं झाल्यावरही हट्ट! पण त्याच अठराव्या अध्यायात, थोडं पुढे, एक जागा आहे. सगळं ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंत निर्णय त्याच्यावर सोडतात. मग मी कोण?

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. इतके महिने काही केलं नाही म्हणून आता एकदम सगळंच करून टाकायचं, आईला न विचारता, हीसुद्धा चालढकलीचीच दुसरी बाजू आहे. आपल्या अपराधी भावनेचा निचरा म्हाताऱ्या माणसाच्या घरात करायचा नसतो. सुरक्षा आईची आहे, घर आईचं आहे. दांडा तिला उठायला मदत करतो, कॅमेरा मला झोपायला मदत करणार होता. फरक तिला आधी कळला. कॅमेऱ्याऐवजी रोज रात्री नऊला फोन ठरला. तो मी कट करत नाही.

गीताई मंदिरात

प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही दोघं गोपुरीला गीताई मंदिरात गेलो. वर्ध्याचे नसलेल्यांसाठी सांगतो, तिथे गाभारा नाही, मूर्ती नाही, छप्परही नाही. उघड्या आकाशाखाली दगड उभे आहेत आणि त्यांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. आई एकेका दगडाला हात लावत चालते. अठरावा अध्याय शोधत आम्ही पुढे गेलो.

चालताना तिने मला गीताईची गोष्ट सांगितली. मला ती माहीत होती, पण त्या दिवशी वेगळी ऐकू आली. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. मुलाला म्हणाल्या, तूच का सोप्या मराठीत करत नाहीस? त्या १९१८ मध्ये गेल्या. गीताई लिहून झाली १९३०-३१ मध्ये, इथेच, वर्ध्यात. आईने मागितलेली गीता हातात आली तेव्हा आई नव्हती.

"म्हणजे विनोबांनीही...?" मी अर्धवट बोललो.

"वेडा आहे का तू," आई म्हणाली. "ते उशीर करत नव्हते. ते काम व्हावं म्हणून स्वतःला घडवत होते. काही कामांना माणूस तयार व्हावा लागतो. पण दांडा लावायला कोणती साधना लागते रे?"

मी तिथेच उभा राहिलो. सगळ्या उशीरांना एकाच काट्याने मोजू नये, हे खरं. काही गोष्टी पिकायला वेळ घेतात. पण आपण आपल्या टाळाटाळीलाही 'पिकतंय' म्हणतो, ही फसवणूक. फरक ओळखायचा कसा? मला सुचलेली खूण ही. जे काम पिकत असतं त्याच्यासाठी आपण रोज काहीतरी करत असतो. जे काम टळत असतं त्याच्याबद्दल आपण फक्त रोज विचार करत असतो.

आणि हेही खरं, की इतक्या व्यवस्थेनंतरही आई एक दिवस जाणारच आहे. दांड्याने मृत्यू टळत नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात रविवारी दिलेल्या प्रवचनांत आठव्या अध्यायावर बोलताना मरणाचं स्मरण रोज ठेवायला सांगितलंय. आधी मला ते भयंकर उदास वाटायचं. आता कळतं, ज्याला मरण आठवतं तो किल्ली शेजारी ठेवतो. मरण विसरायचा प्रयत्न करणारा खोका माळ्यावर ठेवतो. आई दगडावरचा श्लोक वाचत होती. दीर्घसूत्री असलेला श्लोक आला तशी माझ्याकडे बघून हसली, आणि बरा झालेला हात माझ्या हातात देऊन पुढच्या दगडाकडे निघाली.

आजचा संकल्प

आज नऊ गोष्टींची यादी करू नका. एकच गोष्ट निवडा, हात पुरेल तेवढंच सूत. आई-बाबांना फोन करा आणि विचारा, "न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर?" उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य असं असू दे, "तुम्हाला काय सोयीचं वाटतं?" मग सुताराचा नंबर शोधा आणि फोन ठेवायच्या आधी दिवस ठरवा.

करायला घेतल्यावर आतून थोडं रडू येईल. येऊ द्या. तो विषाद आहे. त्याला शेजारी बसवून काम करा, तो बसतो.

राम कृष्ण हरी!